अनसाबाईनं गिळलेला वारा

भांडगावच्या पलीकडं एका वाडीत राहणाऱ्या अनसाबाईचा आवाज एके काळी तीन शिवारं ओलांडायचा. तिनं "हेऽऽ हुर्र" केलं की ओढ्यापल्याडची मेंढरं माना वर करायची. नवरा गेणबा म्हणायचा, "हिच्यापुढं कारखान्याचा भोंगा मुका हाय."

त्याच गळ्यात गाठ झाली. पुण्याच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि श्वासासाठी मानेत भोक ठेवलं. जीव राहिला, आवाज गेला.

बोलणं शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "मावशी, घास गिळतो तसा वारा गिळा. ढेकर देतो तसा सोडा. त्या ढेकरावर शब्द बसवा."

आठ महिने ती मेंढरांमागं वारा गिळत चालली. आधी "प" आला, मग "ट", मग "क". "ह" मात्र परतला नाही. त्याला छातीतला वारा लागतो. एका दमाला दोन-तीन शब्द, तेही जात्यातून निघाल्यासारखे घोगरे. माणसं हसली. मेंढरं हसली नाहीत, हाकेला वळली.

यंदा पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत गायरानाचा विषय निघाला. हायवेच्या ट्रकांना उभं राहायला ते द्यायचं, असा ठराव सरपंच इंद्रजीतनं मांडला. गायरान गेलं तर अनसाबाईची साठ मेंढरं चरायची कुठं?

"तू गप बस," गेणबा कुजबुजला. "तुझ्या वतीनं मी बोलतो."

तिनं त्याचा हात झटकला आणि पुढं जाऊन माईक घेतला. पहिल्याच शब्दाला माईक खरखरला. मागच्या टवाळ पोरांतला दत्ता ओरडला, "मावशी, जेवण जास्त झालं का वं?"

सभा खो खो हसली. इंद्रजीत म्हणाला, "अनसामावशी, तुम्ही कशाला तरास घेता? अर्ज द्या लिहून, आम्ही वाचू."

"नाय," अनसाबाई म्हणाली. "मीच. बोलणार."

तिनं माईक टेबलावर पालथा घातला. सगळा कळप एकदम हाकायचा नसतो, ही तिची जन्माची विद्या. आधी म्होरकी मेंढी वळवायची, बाकीच्या आपसूक मागं येतात. सगळ्या सभेला पाठ करून ती बायकांच्या रांगेकडं गेली आणि रतनबाईसमोर फतकल मारून बसली. वाडीत लग्न असो, भांडण असो, बाया आधी रतनबाईच्या तोंडाकडं बघत.

"रतना. तुझी गाय. कुठं चरती?"

"गायरानात."

अनसाबाईनं वारा गिळला. तोवर सभा गप झाली होती. कान दिल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं.

"सरपण. कुठलं आणती?"

"तिथलंच की."

"तिथं ट्रक. लागले. तर?"

रतनबाईची नजर गायरानाकडं गेली. अनसाबाईनं घाई केली नाही. मानेवरचा रुमाल श्वासागणिक हलत होता. मागून दत्ता परत काही बोलायला गेला, तशी रतनबाई कडाडली, "ए दत्त्या, तोंड मिट! तिला एका शबुदाला किती कष्ट पडत्यात, दिसत न्हाई व्हय? तुला फुकट मिळालंय म्हणून उधळतोस?"

मग ती इंद्रजीतकडं वळली. "सरपंच, हात वर करून इचारा. आत्ताच."

विरोधात पहिला हात रतनबाईचा गेला. मग तिच्या शेजारणीचा, मग अख्ख्या रांगेचा. पुरुषांनी आपापल्या बायकांकडं बघितलं आणि निम्म्यांनी गुमान हात उचलले. गेणबानं तर दोन्ही केले. इंद्रजीतनं मोजायचे कष्ट घेतले नाहीत. "नामंजूर लिहा," तो ग्रामसेवकाला म्हणाला.

ग्रामसेवकानं पेन उघडलं. "विरोध कुणी मांडला? नाव?"

"लिहा, माझी मंडळी..." गेणबानं सुरुवात केली.

अनसाबाईनं नुसतं त्याच्याकडं बघितलं. गेणबा तिथंच थांबला.

तिनं वारा गिळला. सगळी सभा थांबून राहिली.

"अनसाबाई."

पुन्हा गिळला.

"गेणबा. ठोंबरे."

ग्रामसेवक लिहायला लागला. तो पुरं लिहीपर्यंत ती टेबलाजवळून हलली नाही.