हमीदचाचांचं चटकायंत्र

हमीदचाचा कुठलंही सर्किट हातात घेण्याआधी उठून दुकानासमोरच्या हातपंपाला हात लावून येत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. मोताळ्यात काही जणांना वाटे, चाचांची काही मन्नत असावी. मी एकदा विचारलंच. म्हणाले, "मन्नत गिन्नत नाही बाप्पा. अंगातली बिजली जमिनीले वापस देऊन राह्यलो."

मी शेतातल्या मोटारींचे ऑटोस्टार्टर बनवतो. हातगाडीवर बल्ब विकण्यापासून इथवर आलो, ते कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. त्या उन्हाळ्यात माझी तेवीस सर्किटं शेतात बसवताच मेली. प्रत्येकात एकच चिप गेलेली, आणि ती मलकापूरच्या गोपाळशेठकडची. आमच्या आठवडी बाजारात तो पाल ठोकून दुकान लावतो. तिथेच, भर बाजारात मी त्याची कॉलर धरली, चोर म्हणालो. तो एवढंच म्हणाला, "हमीदचाचाले लिहून देऊ दे का माल खोटा हाये. सारा बदलून देतो."

मला वाटलं, काम झालं. रेडिओपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं दुरुस्त करणारा हा माणूस माझ्या वीस वर्षांच्या ओळखीचा. एक ओळ खरडायला किती वेळ? पण चाचा म्हणाले, "पाह्यल्याबिगर काऊन लिहू? आधी चिपले विचारू."

विचारण्यासाठी त्यांनी आठ दिवस एक यंत्र जुळवलं. डास मारायच्या रॅकेटमधलं सर्किट काढलं. त्याला डायोड-कपॅसिटरच्या पायऱ्या जोडून दाब हजारो व्होल्टपर्यंत चढवला. माणसाच्या अंगात साठते तेवढीच वीज धरणारा एक बारीक कपॅसिटर, पुढे रेझिस्टर, आणि हे सगळं रंगपंचमीच्या जुन्या पिचकारीत कोंबलेलं. टोकाला सायकलचा छर्रा. बटन दाबलं की चट्ट!

"चाचा, एका चिठ्ठीसाठी एवढा कुटाणा?"

"तू एका स्क्रूसाठी दोन घंटे भांडतं ना बे? मंग तेवीस सर्किटांसाठी मले आठ दिवस नाही लागन?"

राग होताच, पण पाय रोज तिकडे वळत. चाचांनी दोन चिपा मांडल्या: एक गोपाळशेठची, एक स्वतःच्या डब्यातली खात्रीची. प्रत्येक पायरीला दोघींना सारखा चटका. दोन हजार व्होल्ट, दोन्ही जिवंत. तीन हजार, जिवंत. मी टक लावून बसलो होतो, गोपाळशेठची आधी मरावी म्हणून. चार हजाराला दोन्ही मेल्या. मीटर लावलं तर त्यांची तीच पिन गेलेली, जी माझ्या तेविसांची गेली होती.

"माल खरा हाये," चाचा म्हणाले.

"मंग मारलं कोनं?"

त्यांनी काचेच्या बाटलीत, बुचातून आत सोडलेल्या तारेला चॉकलेटच्या चंदेरी कागदाच्या दोन पट्ट्या टांगल्या होत्या. बाटलीजवळ मला माझ्या पिशवीतून एक सर्किट काढायला सांगितलं. मी सर्किटं साड्यांच्या प्लास्टिक पिशव्यांत भरत असे. शेजारच्या कापडवाल्याकडून त्या फुकट मिळवल्या होत्या आणि त्या सौद्याचा मला फार अभिमान होता. सर्किट सर्रकन ओढलं आणि बाटलीतल्या पट्ट्या ताडकन एकमेकींपासून फाकल्या.

"पाह्य. बिजली जवळ आली का पट्ट्या फाकते. कोरडा उन्हाळा, तुहा टेरिकॉटचा शर्ट, अन् हे साडीची पिशवी. रोज तूच चटके देऊन राह्यला त्याहिले."

मी भडकलो. "चाचा, तुमी माह्याकडून हा का त्याच्याकडून?"

"तुह्याकडूनच. म्हणून तं खोटं लिहून नाही देत. अन् आयक, चोर भर बाजारात म्हणलं नं त्याले? मंग हे बी तिथंच सांग."

तीन आठवडे मी त्यांच्या दुकानाकडे फिरकलो नाही. आता चाचा जाऊन वर्ष झालं, तरी एका चिठ्ठीने त्यांचं काय बिघडलं असतं, हा राग मी पुरता सोडलेला नाही. पण तेव्हा, त्या तीन आठवड्यांत, त्यांचं 'चिपले विचारू' काही डोक्यातून जाईना. चौथ्या बाजाराला मी गोपाळशेठच्या पालासमोर उभा राहिलो. दहाबारा जण होतेच. मान खाली घालून म्हणालो, "तुहा माल चांगला होता. चूक माही होती."

बाजूच्या भाजीवालीकडे चाचा मेथीची जुडी उलटीपालटी करून पाहत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "जोरानं बोल बे, मांगच्याले आयकू नाही आलं."

मी परत बोललो. जोरानं.