गुणाबाईच्या झिऱ्यातला खेकडा

शेलार गावाच्या पुढे एका छोट्या शाळेत गुणाबाई पाणी भरायची आणि मी विज्ञान शिकवायचो. जास्त अक्कल कोणाला, याबद्दल १९७४ साली मला तिळमात्र शंका नव्हती.

शाळेच्या दोन बाजूंना दोन ओढे. गुणाबाई मागच्या ओढ्याकाठी रेतीत झिरा उकरून पाणी भरायची. तिथे खेकडे, झिंगे, किडे, सगळा गोतावळा. मला शिसारी यायची. पुढच्या ओढ्याचं पाणी मात्र एवढं नितळ, की तळाचा दगड न् दगड दिसावा. मी पडलो धामणकर नाक्यावरच्या लूमवाल्याचा पोरगा. आमच्याकडे डाग नसला की कापड पास. ओढाही मी तसाच पास केला आणि तिला म्हटलं, उद्यापासून पुढचं पाणी आणायचं.

"त्या पान्यात जीव न्हाय, मास्तर. पोरांना न्हाय पाजनार मी."

"बाई, विज्ञान मी शिकवतो!"

तरी ऐकेना. मग मीही पेटलो. तिला कामावरून काढावं, असा अर्ज हेडमास्तरांना लिहिला. घरी दोन नाती हिच्याच कमाईवर जगतात, हे ठाऊक असून लिहिला. अक्षरही मेलं झकास आलं होतं.

अर्जाला पुरावा हवा, म्हणून सातवीचा वर्ग ओढ्यांवर नेला. दगड उलटा, खाली सापडेल ते वहीत मांडा. झिऱ्यापाशी पोरांची पानं भरली. पुढच्या ओढ्यावर एक मुंगळासुद्धा नाही.

"बघा, किती स्वच्छ!" मी म्हटलं.

काशी नावाची मुलगी वही मिटून म्हणाली, "गुरुजी, मासं पान्यातच र्‍हातात ना? मंग हितं का न्हाईत?"

मी खाली वाकलो. ओंजळभर पाणी नाकाशी नेलं. कापड पांढरं करायच्या पावडरीचा वास! लहानपणापासून ओळखीचा. वर कोणीतरी कापड धूत होतं, आणि हे पाणी मी पोरांना पाजणार होतो.

शाळेत परतलो तेव्हा घशाला कोरड पडली होती. गुणाबाईने पेला पुढे केला.

"प्या. खेकडा काढलाय."

घटाघटा प्यायलो. मग फाडायला म्हणून खिशातून अर्ज काढला. तिला वाचता येत नव्हतं. कागद दिसताच तिने ओला हात लुगड्याला पुसला आणि अंगठा पुढे केला.

"कुठं लावू, मास्तर?"

एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

"कुठेच नाही, बाई," मी म्हटलं. "अजून एक पेला द्या."