भिंतीवरचा समुद्र

मी मालवणात लग्नांचं शूटिंग करतो. गेल्या वर्षी मुंबईहून एका चित्रकार बाईंचा फोन आला. तिथल्या भुयारी मेट्रोच्या एका स्टेशनात प्रोजेक्टर लावून त्यांना भिंतभर हलती चित्रं दाखवायची होती. खाली उतरलेल्या माणसाला डोक्यावरच्या शहराचा विसर पडतो, त्याला ते पुन्हा दिसायला हवं, असं त्या म्हणाल्या. मला बेत आवडला. मुंबईच्या चित्रांच्या जोडीला त्यांना माझ्याकडून आमचं बंदर हवं होतं.

तीन दिवस रोज सकाळी मी बंदरावर होतो. होड्या लागत होत्या, बायका मासळी निवडत होत्या. त्यांच्यातच माझी मावशी बसते. आधी कॅमेरा दिसला की तोंड फिरवायची, तिसऱ्या दिवशी मुद्दाम अबोली माळून आली.

"माका खरीच मुंबयत दाखवतलस?"

"तुकाच आधी दाखवतलंय," मी म्हटलं.

पुढे मुंबईत एक काम निघालं, म्हणून त्या स्टेशनात गेलो. सरकत्या जिन्याने उतरलो तर समोर आमचं बंदर, पाणी होतं त्याहून निळं केलेलं. होड्या होत्या, माणूस एकही नव्हतं. खाली अक्षरं होती : 'वर तुमचं शहर आहे.' चित्र पहिल्यापासून पुन्हा सुरू झालं, तरी मी उभाच. मावशी कुठेच नाही. लोक मोबाईल बघत गाडीत चढत होते.

वैतागून वर आलो. स्टेशनाच्या दारापासून दहा पावलांवर फुटपाथवर टोपल्या मांडून कोळणी बसल्या होत्या. एक म्हणाली, "दादा, पापलेट बघ, ताजं आहे."

तिथूनच बाईंना फोन लावला. "हे मालवण आहे. मुंबई नाही."

"इथलं पाणी तसं स्वच्छ दिसत नाही ना. प्रवाशांना प्रसन्न वाटायला हवं."

"आणि बायका?"

"मासळी बघून काहींना कसंतरी होतं हो. कापावं लागलं."

"अहो, इथे वर बसल्यात त्या! निदान यांना तरी चित्रात दाखवा."

"आता काम पूर्ण झालं."

"मग माझं नाव काढा त्यातून."

"नाव घातलेलंच नाही," त्या शांतपणे म्हणाल्या.

गावी आलो तेव्हा बंदरावर मासळी विकत बसलेल्या मावशीला खोटं सांगणार होतो, जमलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मगे तू काय केलंस थंय?"

"फोन केलो त्यांका."

"फोन!" ती म्हणाली, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला बांगड्यांचा भाव सांगू लागली.