सारंगचा तांबडा गळ

सारंगच्या डाव्या करंगळीचे नख गुरुवारी तांबडे असे आणि शुक्रवारी कोरे. ह्या नखाबद्दल भाट्ये आणि रत्नागिरीच्या दरम्यान आज जे सांगितले जाते, त्यातले बहुतेक खोटे आहे. कोणी म्हणतो तो नवस होता. कोणी म्हणतो जहाजावर दोरखंडात बोट सापडून रक्त साकळले होते. परवा एका लग्नाच्या मांडवात एक गृहस्थ मलाच सांगू लागले, की ती कोणा परदेशी बाईची आठवण होती. मी त्यांना तिथल्या तिथे थांबवले. त्या माणसाशेजारी खाडीच्या काठावर मी वर्षानुवर्षे बसलो आहे. ते बसलेले नाहीत. सारंग आपल्या गळांना तांबडे नेलपॉलिश लावी. बाटलीतला रंग घट्ट झाला आहे की काय, हे आधी करंगळीच्या नखावर पाही. शुक्रवारच्या नमाजाला जाण्यापूर्वी ते नख ब्लेडने खरवडून काढी, कारण रंगाखाली पाणी पोचत नाही आणि वजू, म्हणजे नमाजाआधीचे हातपाय धुणे, अपुरा राहतो. हकीकत एवढीच आहे.

सारंग हे त्याचे नाव नव्हे. जहाजावरच्या खलाशांच्या मुकादमाला सारंग म्हणतात. मालवाहू बोटींवर हे काम करून १९९८ साली तो भाट्याला कायमचा परतला. मुलगा कुवेतला, घरी फक्त बायको. तिला आम्ही सगळे भाभी म्हणत असू. शेवटच्या फेरीत त्याने भाभींसाठी दुबईहून नेलपॉलिशच्या बाटल्या आणल्या. भाभी पाच वेळच्या नमाजी. त्यांनी बाटल्या उजेडात धरून पाहिल्या, रंग सुरेख आहे म्हणाल्या आणि कपाटात ठेवून दिल्या. जहाजावर फुकट गेलेली एक रिकामी डबीसुद्धा ज्याने कधी पाण्यात टाकली नाही, त्याला ते सहन होईना. "तुज्या नखांना नको, तर माज्या गळांना," असे म्हणून तो बाटल्या वापरू लागला. भाभी मला म्हणाल्या होत्या, "बगा भाऊ, नवरी कोरी आणि गळांना मेंदी."

आता मूळ वादाकडे येतो, कारण तोही लोक उलटा सांगतात. जिताडा ह्या माशाला गळाचा रंग कळतो की नाही, हा तो वाद. सारंगचे म्हणणे असे, की तांबडा गळ पाण्यात जखमेसारखा दिसतो आणि जखम पाहिली की जिताडा चवताळतो. माझे म्हणणे असे, की आमच्या खाडीचे पाणी गढूळ. त्यात चार हात खाली तांबडा रंग काळाच दिसत असणार. मासा लागतो तो भरतीच्या वेळेला, जिवंत कोळंबीला आणि गळाच्या धारेला. मी जन्मभर जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी केली. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही. सारंग मला मोजणीदार म्हणे. "मोजणीदार, तुमी जमीन मोजा. पाण्याला बांध नसतो," हे त्याचे ठरलेले वाक्य. आम्ही एकमेकांना अहोजाहो करीत कडाकडा भांडत असू, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खडकावर शेजारी बसत असू.

सारंग कधी रिकाम्या हाताने परतला नाही, असे सांगणाऱ्यांना मी आव्हान देतो. तो पुष्कळदा रिकाम्या हाताने परतला. त्याची जीभ मात्र कधी रिकामी नसे. एकदा आश्विनातल्या उधाणाला माझ्या साध्या, काळ्या गळाला हातभर लांबीचा जिताडा लागला. मी तो वाळूवर ओढला तेव्हा सारंग शांतपणे विडी पेटवीत म्हणाला, "तो माज्याकडे यायला निगाला होता. वाटेत तुमचा गळ आडवा आला." मी पुरावा मागितला. तो म्हणाला, "त्याचा चेहरा बगा की. कसा शरमलाय!" त्या माशाचा अर्धा भाग मी त्याच्या घरी पोचवला, आणि भाभींनी केलेले कालवण खाताना तो पुन्हा तेच म्हणाला.

मी वाद अर्धवट सोडणारा माणूस नाही. त्याने रंगवलेला एक गळ मागून घेतला, काचेच्या बरणीत खाडीचे पाणी भरून त्यात टाकला आणि बरणी माझ्या खिडकीत ठेवली. पंधरवडा झाला नाही तोच रंगाचे पापुद्रे सुटून तळाशी बसले आणि गळ उघडा पडला. बरणी घेऊन मी तडक भाट्याला गेलो. सारंगने ती हलवून पाहिली, पापुद्रे वरखाली होताना लहान मुलासारखे न्याहाळले, आणि निकाल दिला, "हे पाणी मेलेलं हाय. मेलेल्या पाण्यात रंग कशासाठी थांबेल?" पण त्याच गुरुवारपासून तो न चुकता दर आठवड्याला गळांवर नवा हात मारू लागला, हे मी डोळ्यांनी पाहिले.

त्याच्या गाठीबद्दलही सांगितले पाहिजे. तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, गळाला बांधताना तो जहाजावरची एक गाठ मारी आणि उरलेले टोक विडीच्या निखाऱ्याने जाळून त्याचा बारीक मणी करी. ती गाठ मी शिकायचा प्रयत्न केला आणि मला ती आली नाही. आमच्या बाजूच्या कोणालाही ती येत नसे. मी म्हटले, "सारंग, गाठ एवढी पक्की मारता, मग रंगाची काय गरज?" तो म्हणाला, "गाठ मासा लागल्यावर. आदी त्याला बोलवायला नको?"

ज्या दिवशी तो गेला, त्या दिवसाची तर लोकांनी कादंबरी केली आहे. म्हणे सकाळी आमचे भांडण झाले आणि मला खोटे पाडण्यासाठी तो होडी घेऊन एकटाच खाडीच्या मुखापर्यंत गेला. मी त्या दिवशी भाट्यात नव्हतोच. सावर्ड्याला भाच्याच्या घरभरणीला गेलो होतो, आणि मांडवात मला पाहिलेली माणसे आजही हयात आहेत. खरे एवढेच, की उधाणाच्या भरतीला तो दुपारी होडी घेऊन निघाला आणि संध्याकाळी होडी एकटी वाळूच्या दांड्याला लागली. आत त्याची डब्याची पिशवी, चपला आणि कोळंबीची बादली. कोळंब्या जिवंत होत्या. कोळ्यांनी दुसऱ्या दिवशीही समुद्र पालथा घातला. काही सापडले नाही.

मुलगा कुवेतहून आला, राहिला, आईला समजावू लागला, की आता गेलेल्या माणसाच्या नावाने फातिहा पढून घेऊ. भाभी म्हणाल्या, "मय्यत नाय, तर फातिहा कसला?" मुलगा परत गेला. भाभी संध्याकाळी एका माणसाचे जास्त शिजवीत राहिल्या. मी त्या घरी जात असे. ओट्यावर बसलो, की आतून ताटे मांडल्याचा आवाज येई, आणि तो दोन ताटांचा असे. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण त्या ओट्यावर माझी पाठ दाराकडे असली, म्हणजे मागून कोणीतरी काडी ओढील आणि माझे म्हणणे खोडून काढील, असे सारखे वाटे. आणि गावात कुजबूज होतीच: सारंग बुडाला नाही, एखाद्या बोटीवर चढून निघून गेला, तिकडे त्याचे दुसरे घर आहे. जहाजावरच्या माणसाविषयी असे बोलायला पुरावा लागत नाही.

पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर बातमी आली, की पूर्णगडच्या खाडीत एका कोळ्याला मोठा जिताडा मिळाला आणि त्याच्या जबड्यात तांबडा गळ होता. लालभडक, ताजा, काल रंगवल्यासारखा, असे सांगत ती बातमी भाट्यापर्यंत पोचली. तिच्या पाठोपाठ आणखी एक: पूर्णगडला किल्ल्याखालच्या खडकावर तिन्हीसांजेला एक उंच म्हातारा गळ टाकून बसलेला लोकांनी पाहिला, आणि हाक मारली तर तो वळून बघत नाही. झाले! सारंग जिवंत ठरला. माणसे भाभींकडे मिठाई मागायला गेली. मी गेलो तेव्हा भाभी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी जा. तुमी सोताच्या डोळ्यांनी बगितल्याबिगर मानत नाय. बगा आनि मला सांगा."

मी एस.टी.ने पूर्णगडला गेलो. तो कोळी सरळ माणूस होता. मासा कधीच विकला गेला होता, पण गळ त्याने चुलीवरच्या फळीवर जपून ठेवला होता. दुरून पाहिला तेव्हा माझाही विश्वास बसला, हे लिहायला मला लाज वाटत नाही, कारण तो खरोखर तांबडा होता. मी तो हातात घेतला. गाठ सारंगची होती. टोकाला जळका मणी होता. मग मी गळावरून अंगठा फिरवला. तांबडेपणा माझ्या अंगठ्यावर उतरला. भुकटी होती ती. गंज होता. नखाने खरवडून पाहिले, तर त्याखाली लोखंड खाल्ले जाऊन निम्मे उरले होते. कोळी म्हणाला, "काका, आमी लालच म्हणालो होतो. रंगवलेला कोण म्हणालं?" त्याचे बरोबर होते. रंग मधल्या वाटेवर चढला होता.

परत फिरण्यापूर्वी मी त्या खडकावर गेलो. तिन्हीसांजेला पोचलो. कोणी नव्हते. भरती चढत होती आणि किल्ल्याची सावली पाण्यावर पडली होती. मी हाक मारली. मी तसल्या गोष्टी मानत नसताना हाक का मारली, ह्याचे उत्तर मी कोणालाही द्यायला बांधील नाही. पाणी खडकावर आपटून मागे जात होते आणि दर वेळी मध्ये एक क्षण असा येई, की कोणीतरी बोलण्यासाठी श्वास घेतला आहे असे वाटे.

आता शेवटची आणि सगळ्यांत मोठी खोटी गोष्ट. लोक म्हणतात, ह्या मोजणीदाराने आपला जुना वाद जिंकण्यासाठी त्या बाईची आशा मारली. चार माणसांत माझ्या तोंडावर हे बोलले गेले आहे. ते बोलणारे त्या ओट्यावर नव्हते. मी होतो.

भाभींनी मला पाणी दिले नाही, बसा म्हटले नाही. पहिला प्रश्न विचारला, "रंग होता?"

मी म्हटले, "नाही भाभी. गाठ त्यांची आहे. पण तांबडा आहे तो गंज. गळ वर्षभर माशाच्या तोंडात होता."

"नीट बगितलंत? नखानं खरवडून?"

"खरवडून पाहिले. रंगाचा पापुद्रासुद्धा नाही."

त्या खाली बसल्या. पदर तोंडाला लावून बराच वेळ रडल्या. मग त्यांनी डोळे पुसले, आणि ज्या चेहऱ्याने त्यांनी वर पाहिले तो, भाट्यातल्या सगळ्या कहाणीकारांना मी सांगतो, आशा मेलेल्या बाईचा चेहरा नव्हता.

"बाटली माज्या कपाटात हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "जाताना नेली नव्हती त्यानं. ताजा रंग म्हणाले, तेवापासून मला झोप नाय. म्हटलं, हा रंग कुणाचा? तिकडं नखं रंगवणारी कोण बसलीय त्याच्यापाशी? लोकं मिठाई मागत होती, आनि मी अल्लाकडं मागत होते, की रंग नसू दे."



त्या आठवड्यात फातिहा झाला. मुलगा आला, मोहल्ला जेवला, मला ओट्यावर मानाने बसवले. भाभींनी त्या संध्याकाळी एकाच माणसाचे शिजवले, आणि पुढे पुष्कळ वर्षे सारंगचे नाव त्यांनी असे घेतले, जसे घरधनी मेलेली बाई घेते: भांडत, हसत, अभिमानाने. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी माझ्याकडे यावे.

त्यांचे मन निवले. माझे निवलेले नाही. भरतीच्या वेळी मी अजून त्याच खडकावर बसतो. सारंग तिथे दिसतो असे म्हणणाऱ्यांना सांगतो, की तो दिसत नाही. मी रोज पाहतो. मी त्याच्यासमोर एक एक मुद्दा मांडतो, गढूळ पाण्याचा, चार हात खोलीचा, बरणीचा, आणि प्रत्येक मुद्द्यानंतर थांबतो. समोरचा माणूस ते खोडून काढू पाहत नाही, तोपर्यंत वाद जिंकला असे मला म्हणता येत नाही. पाणी गुडघ्याला लागेपर्यंत मी थांबतो.