चहाचा रकाना

आम्ही सहा जणी मिरची निवडायला बसलो की एका बाजूला देठांचा ढीग होतो आणि दुसऱ्या बाजूला किश्शांचा. देठ आम्ही फेकून देतो. किस्से मात्र साठतच जातात, आणि त्यातले निम्मे माझ्यावरच असतात!

धानोऱ्याला आमचा बचत गट आहे. लाल मिरची घ्यायची, वाळवायची, तिखट करून पाकिटं विकायची. गावात मिरची कुटायचं कांडप मशीन एकच, भटूभाऊंचं. आम्हाला स्वतःचं हवं होतं. बँकेने सांगितलं, "कर्ज मिळेल, पण वर्षाचा खर्च प्रकारानुसार मांडून आणा. कशावर किती गेला, ते दिसलं पाहिजे."

हिशेब लिहून देणारा नंदुरबारात मिळाला असता. पण त्याची फी परवडणारी नव्हती, आणि मी बोलून बसले, "मी करते की! बारावी झालेय मी!"

आमच्या अध्यक्ष जिजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कर माय. मशीन उनं तं तुन्हं नाव, नही उनं तं बी तुन्हंच नाव!" म्हणजे मशीन आलं तरी माझं नाव, नाही आलं तरी माझंच!

*

मुलगी वैशाली सुरतला ऑफिसात आहे. तिने तिचा जुना लॅपटॉप मला दिला आणि व्हिडिओ कॉलवर शिकवलं, "आई, प्रत्येक खर्चापुढे त्याचा प्रकार लिही. बेरीज आपोआप होते."

मी रकाने केले. मिरची, कांडप, पाकिटं, गाडीभाडं, चहा-नाश्ता. आणि ज्याचं काय करावं कळत नाही त्याच्यासाठी 'इतर'. आता मला कशाचंच काही कळत नव्हतं. टेम्पोवाल्याने हमाली धरून पैसे घेतले, टाक इतरमध्ये. मिरचीबरोबर गोणपाट आलं, टाक इतरमध्ये!

बेरीज आली. सगळ्यात जास्त खर्च, इतर!

जिजींनी चष्मा लावून वाचलं. "सुनंदा, आपण मिरचीना धंदा करी ऱ्हायनूत का इतरना?"

*

मिरचीचा हात लॅपटॉपला लावू नये, हे कोणत्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत. एका दुपारी मी मिरची निवडता निवडता उठून दोन आकडे टाकायला गेले. आधी एक शिंक, मग दुसरी. तिसऱ्या शिंकेला बोट कुठे पडलं देव जाणे, अख्खा रकाना गायब! घाबरून मी डोळे पुसले. त्याच हाताने!

वैशालीला फोन लावला, तर ती विचारते, "आई, स्क्रीनवर काय दिसतंय?"

"मला काहीच दिसत नाहीये गं!"

*

आमच्याकडे पोती मोजताना पहिल्याला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं. जिजी मोजत गेल्या, मी इमानदारीत टाइप करत गेले. पोती गुणिले भाव, सगळं बरोबर. पण जिथे एकच पोतं होतं, तिथे कॉम्प्युटर लाल होऊन बसला.

वैशाली म्हणाली, "आई, लाभला भावाने गुणता येत नाही. तिथे एकचा आकडा टाक."

जिजी कडाडल्या, "पहिला पोताले एक म्हणशी तं बरकत जाई!"

शेवटी तोडगा निघाला. आकडा एकचा टाकायचा, पण बटण दाबताना तोंडाने 'लाभ' म्हणायचं. आता सवयच झालीय. परवा दहा लिहिताना मी मोठ्याने म्हणाले, "लाभ, शून्य!" जिजींनी लगेच लॅपटॉपवरून मीठ-मिरची ओवाळून टाकली.

*

अखेर बेरजा जमल्या. वैशालीने त्यांचं गोल रंगीत चित्र करून दिलं, भाकरीचे तुकडे केल्यासारखं. मिरचीचा तुकडा मोठा, ते ठीक. पण त्याच्या शेजारचा? चहा-नाश्ता! कांडपाचा तर तुकडाच नाही, कारण भटूभाऊ आमच्याकडून पैसे घेत नाहीत. मला कांडपाचं कौतुक वाटलं आणि चहाची लाज.

मी बैठकीत भाषणच दिलं. "बायांनो, आपण धंदा चहात बुडवतोय! उद्यापासून घरून पिऊन या!"

जिजी फक्त म्हणाल्या, "तू कधी मशीनवर येस का व सुनंदा?"

मी कशाला जाईन? मी तर हिशेब करत होते!

*

मग बँकेचे साहेब पाहणीला आले. ओसरीत खुर्ची टाकली, समोर लॅपटॉप ठेवला. माझा मिरचीचा हात नको म्हणून जिजींनीच फाइल उघडली.

साहेबांनी शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाले, "हिशेब चांगला ठेवलाय. पण कांडपाचा खर्च शून्य आहे. तुमचं काम फुकट होतंय, तर मशीनसाठी कर्ज कशाला?"

इतके दिवस मीच ते शून्य मिरवत होते!

तेवढ्यात जिजी पुढे सरकल्या.

"सायेब, भटू आम्हले बहिणी मानस. बहिणीसकडथून पैसा लेस नही. मंग आम्ही काय करतस? त्याले चहा. त्याना दोन गडीसले चहा. भजी आणा, मंग भजीवर चहा. लाइट गई, बठा. लाइट उनी, परत चहा. त्यानं गिऱ्हाईक उनं, त्याले बी आमनाच चहा!" त्यांनी बोट थेट स्क्रीनवर टेकवलं. "फुकटनं कांडप किती महाग पडस, ते त्या चहाना रकानाम्हा देखा!"

साहेब चहाच्या रकान्यावर गेले. वरपासून खालपर्यंत वाचत गेले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि आमच्या कर्जाच्या अर्जावर सही केली.

तोवर आतून चहा आला. साहेबांनी कप उचलला आणि हसत मला विचारलं, "बाई, हा चहा आता कोणत्या रकान्यात टाकणार?"

मी तोंड उघडायच्या आत पाचही जणी एकदम ओरडल्या,

"कांडप!"