मायच्या विमानापुढचे दोन झेंडे

आमचं मूळ गाव निजामाच्या मुलखातलं, चुडाव्याजवळचं. वडील गेल्यावर मायनं आम्हा दोघा भावंडांना घेऊन रेल्वेचं जंक्शन गाठलं आणि गुत्तेदाराच्या, म्हणजे ठेकेदाराच्या, हाताखाली कोळशाच्या कामाला लागली. तेलंगणातल्या खाणींतून मालगाडीच्या वाघिणी भरून कोळसा यायचा. गडी फावड्यानं तो खाली ओढायचे, बाया टोपल्यांनी वाहून इंजिनाच्या डब्यात टाकायच्या. मोठी झाल्यावर मीही त्याच रांगेत उभी राहिले. कितीही अंग घासलं तरी कानामागची काळी रेघ जात नसे.

माझं लग्न इंजिनाच्या शेडमधल्या एका खलाशाशी, तिथल्या मदतनिसाशी झालं. माझे मालक रेल्वेचे पक्के नोकर होते. माझा भाऊ, आमचा दादा, गुत्तेदाराचा कच्चा मजूर. एवढाच काय तो दोघांत फरक, पण पुढे सगळं बिनसलं ते त्याच्यावरूनच. मालक जुन्या युनियनमध्ये होते. तिथे पक्के नोकर, कारभार उर्दूत, साहेब लोकांशी बोलणं-चालणं. महायुद्धानंतर लाल बावट्याची नवी युनियन निघाली, तिच्यात कोळशावरचे सगळे मजूर गेले. दादा त्यांच्यात पुढे होता.

बायांमध्ये मायचा शब्द चालायचा, म्हणून दोन्ही युनियनवाले तिच्याकडे आले. तिनं दोन्हीकडे अंगठा दिला. लोक हसले तेव्हा म्हणाली, "लेकाला हो म्हणलं, मग जावयाला न्हाई कसं म्हणू?"

मग खाणीतल्या मजुरांनी हडताल केली. वाघिणी येणं थांबलं. जंक्शनात कोळशाची जी थप्पी शिल्लक होती तेवढ्यावरच गाड्या चालायच्या होत्या, आणि गुत्तेदार म्हणत होता की ती इंजिनांत भरा. दोन्ही युनियननी नाही म्हटलं आणि संप पुकारला. दोघांचंही मागणं जवळपास तेच होतं. गुत्ता बंद करा, धान्याच्या दुकानात माणसांनी खायची ज्वारी द्या. पण एका मंडपात कोणी बसेना. शेडपुढच्या चिंचेच्या झाडाच्या अलीकडे एकांची सभा, पलीकडे दुसऱ्यांची. तिकडचा बोलायला उभा राहिला की इकडचे पत्र्याचे डबे वाजवायचे. एके दिवशी दगड पडले. पोलिसांच्या अमीनसाहेबांनी जवान आणून सभा बंद केल्या. चार माणसं एकत्र दिसली तरी हाकलायचे.

हे लोण घरात आलं. मालक म्हणाले, भावाकडे जायचं नाही. वहिनी मला विहिरीवर दिसायची, पण दोघी आपापली घागर भरून निघून जायचो. माय दादाकडे असायची, हिवतापानं पडली होती. मी कधी सांजेला मागच्या दारानं जाऊन यायचे. एकदा तिनं विचारलं, जावई का येत नाहीत. मी म्हटलं, कामावर आहेत. संप चालू आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

संपाच्या चौथ्या आठवड्यात पहाटे माय गेली.

आम्ही लिंगायत, आमच्यात मयताला झोपवत नाहीत, बसवतात. जंगमस्वामींनी तिला आंघोळ घालून घेतली, कपाळभर विभूती लावली, डाव्या तळहातात लिंग ठेवलं. दादानं केळीचे खांब बांधून विमान, म्हणजे मयताला बसवून न्यायची पालखी, केलं आणि तिला त्यात बसवलं. अंगणात पाटावर विमान ठेवलं तेव्हा ती दारी आलेल्यांना बघत बसावी तशी दिसत होती.

माणसं जमत गेली. सभांना बंदी होती, मयतीला नव्हती. एवढा जमाव पुन्हा मिळणार नाही हे दोन्हीकडच्यांना कळत होतं. दादाच्या लोकांनी लाल झेंडा आणला, शेडवाल्यांनी त्यांचा आणला. विमान उचलायची वेळ आली तेव्हा लाल झेंड्याचा माणूस पुढे जाऊन उभा राहिला. माझे मालक शेडवाल्यांचा झेंडा घेऊन त्याच्या आडवे झाले.

"झेंडा मागं घ्या," ते म्हणाले. "मामी आमच्या मेंबर होत्या."

दादा म्हणाला, "दाजी, मायनं जन्मभर कोळसा वाह्यला. तुमच्या शेडात न्हाई बसली ती."

मग ज्याचं त्याला सुचेल ते बोलू लागले. कोणी म्हणालं, अंगठा आधी आमच्याकडे दिला. कोणी म्हणालं, साहेबाच्या कुत्र्यांनी खांदा द्यायचा नाही. स्वामींनी दोनदा शंख फुंकला, पण कोणी हललं नाही. एक पोक्त माणूस म्हणाला, दोन्ही झेंडे घरी ठेवा. त्याला दोन्हीकडून ढकललं. ऊन अंगणात उतरलं. मायच्या कपाळावरची विभूती वाळून भुरूभुरू गळायला लागली. वहिनीनं पदर धरून तिच्यावर सावली केली. मी दुसरीकडून धरला. कित्येक दिवसांनी आम्ही दोघी एवढ्या जवळ उभ्या होतो, आणि एकमेकींकडे बघवत नव्हतं.

शेजारपाजारच्या बाया भिंतीवरून बघत होत्या. स्टेशनावरचा चहावाला, बाजारचे दुकानदार, सगळे बघत होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं.

तेवढ्यात गुत्तेदाराचा मुकादम आला. आम्ही त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, त्याच्या घरचं पाणीही बंद केलं होतं. बरोबर त्याचे चार गडी होते, संप फोडायला खेड्यांवरून आणलेले. वाटलं, आता हा हसणार. त्यानं पागोटं काढलं, विमानापुढे वाकून मायच्या पायाला हात लावला. मग स्वामींना म्हणाला, बाई लय वर्षं माझ्या हाताखाली होती, ऊन वाढायलंय, आमी उचलतो. स्वामींनी दादाकडे पाहिलं. दादानं मान फिरवली. मालकांकडे पाहिलं. ते झेंड्याची काठी धरून तसेच उभे. तेव्हा मुकादम माझ्याकडे वळला.

"ताई, उचलू का?"

मी म्हटलं, "उचला."

आणि त्या चौघांनी माझी माय खांद्यावर घेतली. एकदा परक्यांनी खांदा दिल्यावर तो हिसकावून घ्यायची कोणाची छाती झाली नाही. मघा पुढे व्हायला भांडणारे दोन्ही झेंडे मागून खाली मान घालून आले. खड्ड्यात तिला बसवायला तेवढा दादा उतरला. माती देताना मालक माझ्या शेजारी होते. माझी मूठ टाकून मी बाजूला झाले, त्यांच्याकडे पाहिलं नाही.

त्या दिवसानंतर संपात जीव उरला नाही. आठवडा उलटायच्या आत बायाच आधी कामावर गेल्या. म्हणाल्या, म्हातारीला ज्यांनी खांदा दिला त्यांच्या हाताखाली जायला लाज कसली. आपल्या माणसांपेक्षा ते बरे. मग गडी गेले. जुन्या युनियननं पक्क्या नोकरांपुरता धान्याचा करार केला आणि जिंकलो म्हणून गूळ वाटला. गुत्ता होता तसाच राहिला. नव्या युनियनचे पुढारी कामावर घेतले नाहीत, त्यात दादा होता. तो बायकोपोरं घेऊन खाणीकडे निघाला. तिकडची हडतालही तोवर मोडली होती.

निरोपाला मी एकटीच स्टेशनावर गेले. दादा डब्यात चढून दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसला. वहिनी खाली माझ्याजवळ थांबली.

"वन्सं," ती म्हणाली, "आपून दोघींनीच उचलायला पायजे होतं. एवढी टोपली वाह्यली आपून."

बायांनी खांदा द्यायची रीत नाही, एवढं म्हणता आलं असतं. पण ती रीत मला त्या दिवशी अंगणात आठवलीच नव्हती. उचलावं हेच सुचलं नव्हतं.

मालक नोकरीवर टिकले. घरात धान्य येत राहिलं. त्या ज्वारीची भाकरी थापताना पहिले कित्येक दिवस माझा हात जड व्हायचा. त्यांनी एकदा विषय काढला. म्हणाले, "त्या दिवशी मी काठी खाली ठेवली असती तर..." मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. आमच्यात यावर एवढंच बोलणं झालं.

निजामाचं राज्य गेलं, नवे साहेब आले, दोन्ही युनियनची नावं बदलली. वस्तीत मात्र एक म्हण राहून गेली. दोघे हट्टाला पेटून काम अडवू लागले की लोक म्हणत, "म्हातारीला उन्हात ठेवू नका." एकदा नळावर दोन बाया नंबरावरून भांडत होत्या, तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली एक पोरगी हे बोलली आणि सगळ्या हसल्या. मग तिनं मलाच विचारलं, मावशी, कोण होती हो ती म्हातारी? जुन्या बाया आपापल्या घागरी विसळायला लागल्या. मी म्हटलं, होती एक कोळसेवाली. आणि घागर अर्धीच भरली होती तरी उचलून घरी आले.