बाप असताना केलेलं मुंडण

मी गाव सोडलं त्या दिवशी बाबा बंदरात मालकाच्या होडीला डांबर लावत होते. हात थांबवले नाहीत. ते खलाशी, आणि मी त्यांचा एकुलता एक, पण अंगाने नुसतं चिपाड. एकदा मला दर्यावर नेलेलं नि दुसऱ्या खेपेला घरीच ठेवलेलं. "हलका मानूस दर्यावर कामाचा न्हाय," म्हणाले, "जाळ्याबरोबर आधी तोच जायचा." आई फाट्यापर्यंत आली. सुकटीची पुरचुंडी हातात दिली आणि म्हणाली, "कुटंपन र्‍हा, पन पोटाला मारू नको." माय माझी! पुढची कितीतरी वर्षं पोटाला मारूनच मी पोट भरलं.

ठाण्याला वागळे इस्टेटच्या मागे डोंगराला चिकटून मामाची खोली होती, तिथे उतरलो. मामाने पंख्यांच्या कंपनीत टेम्पररी हेल्पर म्हणून चिकटवलं. त्या कंपनीच्या साहेबांना बॉक्सिंगचा षौक. टाइमकीपर साळवी सर टीम चालवायचे. त्यांनी मला मालाच्या काट्यावर उभं केलं आणि अक्षरशः पाठीवर थाप मारली. "अरे, अठ्ठेचाळीस किलोच्या गटात माणूसच मिळत नाही मला! कुठे होतास इतके दिवस?" गावाकडच्यांनो, तुम्ही ज्या अंगाला हसायचात, त्या अंगाला इथे लाइट फ्लायवेट म्हणतात हे मला तेव्हा कळलं. माझ्यासारखे गावाहून आलेले असाल तर समजाल, आपण कुणालातरी हवे आहोत हे ऐकायला माणूस काय वाटेल ते करतो.

मी केलं. सकाळची पाळी, संध्याकाळी शेडमध्ये सराव, रात्री मामी वरणभात वाढायची आणि मी भात बाजूला सारायचो. मामी चिडायची, "घरात अन्न असून उपाशी बसणारा पहिलाच बघते." दोनेक वर्षांत जिल्ह्यात मला कोणी पाडेना. मग राज्य स्पर्धा आली. साहेब म्हणाले, जिंकलास तर कायम.

स्पर्धेच्या सकाळी वजनाला उभा राहिलो तर काटा जरासा वर. अंगात प्लॅस्टिक घालून दोरीच्या उड्या मारल्या, थुंकून थुंकून जीभ लाकूड झाली, तरी केसभर जास्तच. तेव्हा हिरोसारखे मानेपर्यंत केस होते माझे. साळवी सरांनी कोपऱ्यावरचा न्हावी उचलून आणला. दहा मिनिटांत डोकं सफाचट, मिशीसकट. वजनात बसलो आणि संध्याकाळी पदक घेतलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी राजा होतो.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून गावाला निघालो. डोक्यात एकच, आईला सांगायचं की आता कायम झालो. आपल्याकडे पोराचं डोकं नि मिशी एकदम कधी उतरते, हे मला आठवायला नको? ठाण्याच्या न्हाव्याने डोक्याबरोबर अक्कलही उतरवलेली.

बाबा तेव्हा दर्यावर होते. होडी परतायला उशीर झालेला, दोन दिवस बंदरावर कोणी धड बोलत नव्हतं. यातलं मला काहीच ठाऊक नाही. मी पाखाडी चढून वर आलो तर शेजारची काकी मला बघून मटकन खालीच बसली. "कवा कळलं रं तुला?" मी म्हटलं, "काय?" तोवर आई दारात आलेली. तिने माझं डोकं पाहिलं. वळली आणि दोन्ही हात ओट्याच्या चिऱ्यावर आपटले. हिरव्या काचा अंगणभर झाल्या. "आई, अगं वजनासाठी! बॉक्सिंगसाठी!" मी ओरडत होतो आणि ती आपटतच होती. वजनासाठी डोकं भादरतात हे तिला कोण सांगणार, आणि तिने का ऐकावं?

बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी आले, ठणठणीत. इंजिन बंद पडलेलं, बस. सगळं ऐकून आधी आईच्या मनगटाच्या पट्ट्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खोटी बातमी उठली म्हंजे आयुष्य वाढलं माजं." स्वतः जाऊन कासाराला घेऊन आले. आईने बांगड्या भरल्या, पण माझ्या पदकाला हात लावला नाही. निघताना म्हणाली, "तुजा बाप हाय तवर असा माज्या दारात येऊ नको."

मी परत डोकं भादरलं नाही. केसांचं वजन पोटातून काढलं. आणखी दोनदा राज्यात पहिला आलो. मग राष्ट्रीय स्पर्धा. तिथे जिंकलो असतो तर भारताच्या कॅम्पात गेलो असतो. आणि नेमका त्या सकाळी काटा पुन्हा तसाच, जरासा वर. साळवी सर न्हाव्याला घेऊनच आलेले. मी नाही म्हटलं. त्यांनी समजावलं, शिव्या घातल्या, शेवटी हात जोडले. "अरे, कोण बघतंय गावात? महिन्याभरात येतील परत!" मी भिंतीला टेकून बसून राहिलो. वेळ संपली आणि मला बाद केलं. माणूस इतक्या वर्षांत एकदाही रडला नव्हता, तो त्या दिवशी माझ्यासमोर रडला. साहेबांनी टीममधून काढून मला प्रेस शॉपला, पत्रा कापायच्या मशिनींवर टाकलं.

ती कंपनी पण नव्वदनंतर बंद पडली. आता डोंबिवलीत वन रूम किचन आहे, शीळफाट्याला गोडाऊनवर सुपरवायझर आहे. गुडघे दुखतात, पोट सुटलंय. मुलांना गाव विचारलं तर ती डोंबिवली सांगतात. बायको कधीतरी चिडून म्हणते, "केसांपायी इंडियाचा ब्लेझर घालवलात." वाईट वाटतं का? वाटतं की. टीव्हीवर कुणी अठ्ठेचाळीसचा पोरगा रिंगमध्ये उतरला की मी उठून गॅलरीत जातो. पण तो न्हावी उद्या पुन्हा समोर उभा केला, तरी मी नाहीच म्हणेन. राहायला डोंबिवली आहे. घर म्हणजे मला अजून तो एकच दरवाजा.

यंदा शिमग्याला गेलेलो. बाबा ओट्यावर जाळं शिवत बसलेले, थकलेत पण आहेत. आई दारात आली आणि नेहमीसारखं आधी माझ्या डोक्याकडे बघितलं. पुढून सगळं मोकळं व्हायला लागलंय. तिचा चेहरा उतरला, नजर ओट्यावर गेली, परत माझ्याकडे आली.

"वयानं जातायत गं आई," मी म्हटलं.

तिने माझ्या टकलावरून हात फिरवला, बांगड्या वाजल्या.

"वयानं जाऊ देत," म्हणाली. "वयानं सगळंच जातं. ये, जेवायला बस."